मामा दचकत नाही

४ फेब्रुवारी

ही वही मामाची आहे. म्हणजे पुढून मामाची, मागून माझी. पुढच्या पानांवर मी शहाण्या मुलीसारखं लिहिते, "आज वाफ्यांना पाणी दिलं." मागच्या पानांवर खरं लिहिते. दोघी मध्ये कुठेतरी भेटतील तेव्हा बघू.

झेरॉक्सच्या दुकानातून मला हाकललं. मालक दुपारी तोंड उघडं टाकून घोरत होता. मी त्याचा फोटो काढला आणि एका वकिलाच्या जाडजूड कागदांत अधूनमधून घुसवला. वकील पोट धरून हसला. मालक हसला नाही. आई तर त्याहून नाही. शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटलेय, त्याचाही राग तिने ही संधी साधून काढून घेतला. म्हणाली, "जा मामाकडे. मातीत हात घाल, म्हणजे तरी जमिनीवर येशील."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. घरामागे त्याचं काचघर, काचघरात टोमॅटो. लोखंडी सांगाडा त्याने स्वतः उभा केलाय, काचा स्वतः बसवल्यात. पण मागचे दोन हंगाम झाडं जोरात वाढतात आणि मग भर दुपारी माना टाकतात. उपटून बघावं तर मुळांना गाठीच गाठी. मातीत किडे आहेत म्हणे, केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. औषधं मारून झाली. किडे तसेच, मामाचा खोकला तेवढा वाढला.

आज जेवताना मामा म्हणाला, "ह्या खेपेलाही गाठी आल्या तर सांगाडा भंगारात घालायचा. गोदामावर पहारेकरी हवाय, तिथे बसेन."

मामी धुतलेल्या टॉवेलच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुम्ही? पहारेकरी?" आणि विचित्रच हसली. मग घडी घातलेला टॉवेल उलगडून परत घडी घातली.

मामाने वही माझ्याकडे सरकवली. "रोज काय केलं ते लिहायला सांगितलंय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तू लिही, उचापत." मला तो ह्याच नावाने हाक मारतो.

तर लिहितेय.

६ फेब्रुवारी

वही लिहायला सांगणाऱ्या बाई आज आल्या. पिकांच्या रोगांचं बघतात. गळ्यात दोरीला भिंग, म्हणून मी त्यांना भिंगवाल्या बाई म्हणते. त्यांनी मागच्या हंगामाचं एक वाळकं झाड घेऊन मूळ नळाखाली धुतलं आणि मला दाखवलं. मूळ कसलं, वेड्यावाकड्या मण्यांची माळ! किडा मुळात शिरतो, तिथेच बिऱ्हाड करतो, मूळ सुजतं, आणि झाडाला पाणी ओढता येत नाही.

"सूत्रकृमी म्हणतात ह्यांना," बाई म्हणाल्या.

"नाव तर एकदम पंडिताचं आहे," मी म्हटलं. "काम मात्र फुकट्या पाहुण्याचं."

बाई हसल्या. बऱ्या आहेत. त्यांचा उपाय असा: वाफ्यांवर वाळका पाला, पेंढा आणि कापलेला झेंडू ह्यांचं जाड आच्छादन घालायचं. ते हळूहळू कुजतं, त्यातून जे उतरतं ते किड्यांना सोसत नाही. शिवाय कुजणाऱ्या पाल्याबरोबर मातीत बाकीची जनता येते, ती ह्यांना खाते. आणि एक बुरशी असते, ती चक्क फास टाकते! धाग्याचा फास करून बसते, किडा आत शिरला की फास आवळते. मला एवढं बरं वाटलं ना! जमिनीखालीही माझ्या जातीचं कुणीतरी आहे.

एक वाफा मात्र उघडाच ठेवायचा, फरक कळायला.

मामा म्हणाला, "आच्छादन वगैरे काही नाही, पांघरूण म्हणा. झाडांना पांघरूण."

९ फेब्रुवारी

सगळ्या रस्त्यांवरचा पाला झाडून पोत्यांत भरला. झेंडूची ताटं चिरली, हातांना अजून वास येतोय. रोपं लावली, पांघरूण घातलं. बुंध्याला चिकटू द्यायचं नाही, चार बोटं लांब. मामाने माझ्याच हाताने सगळीकडे चाचपून घेतलं, "इथे बघ, तिथे बघ, चिकटलंय का?" स्वतः काही बघत नाही. साहेब नुसते उभे.

म्हणून मी रबरी साप काढला. हिरवा, पिवळ्या डोळ्यांचा, शाळेत दोन बाईंना रडवलेला. काचघराच्या वाटेवर मधोमध ठेवला आणि टाकीमागे लपले.

मामा आला. सापावर पाय दिला. पुढे गेला.

बास. ना किंकाळी, ना उडी. असला थंड रक्ताचा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. नंतर साप शोधायला गेले तर जागेवर नाही. म्हणजे त्याने उचलून ठेवला. पाहिला, ओळखला, आणि मला दाद दिली नाही. ठीक आहे मामा. बघते तुला.

१३ फेब्रुवारी

ह्या घरात मामाच्या चहात साखर नसते. मामी बाकी चांगली, पण चिक्कू. आज ती लोकांचे इस्त्रीचे कपडे पोचवायला गेल्यावर मी मामाच्या कपात दोन चमचे टाकले. एक घोट घेऊन तो थांबला. मला वाटलं ओरडेल. तर म्हणाला, "देव तुझं भलं करो." आणि कप चाटून ठेवला.

२० फेब्रुवारी

आज शिव्या खाल्ल्या. मी स्वयंपाकघरातलं स्टूल नुसतं हातभर सरकवलं होतं. खोडी नव्हती, फळीवरचा डबा काढायचा होता. मामा आला आणि स्टुलासकट आडवा झाला. कोपर सोललं.

मामी माझ्यावर अशी धावून आली की काय सांगू. "कार्टे, ह्या घरात वस्तू जिथल्या तिथे ठेवायच्या! शंभरदा सांगितलंय!"

शंभरदा नाही, पण सांगितलंय खरं. मामीला जागेचं खूळच आहे. मामाची चप्पल दाराच्या उजवीकडे, कप खिडकीपाशी, त्याचा कान उजव्या बाजूला.

मामा जमिनीवर बसूनच म्हणाला, "असू दे गं. माझंच लक्ष नव्हतं."

मामी इस्त्रीचे कपडे घेऊन बसली. तिचीही एक गंमत आहे. कपडा ओला राहिलाय का ते ती हाताने बघत नाही, ओठाला लावून बघते. विचारलं तर म्हणते, "इस्त्री धरून धरून हात मेले माझे. ओठ खोटं बोलत नाहीत." बाहेरून कुणी बघितलं तर वाटेल, बाई लोकांच्या शर्टांच्या पाप्या घेतेय.

४ मार्च

झाडं मस्त. पांघरुणाखाली हात घातला की गार आणि ओलसर लागतं, गांडुळं दिसतात. उघड्या वाफ्यातली झाडं अजून सारखीच दिसतात. मामा रोज विचारतो, "दुपारी माना टाकतात का? कुठली टाकतात?" अरे, तुझ्या नाकासमोर आहेत, बघ की! पण नाही, माझ्याकडून वदवून घेतो. शाळेतले मास्तर असंच करायचे, उत्तर स्वतःला माहीत असताना विचारायचे.

११ मार्च

आजची खोडी माझी आजवरची सगळ्यात सुबक खोडी होती आणि ती वाया गेली.

एका बांबूला माझा पिवळा रेनकोट चढवला, वर टोपी, टोपीखाली उलटा तांब्या. वाफ्याच्या टोकाला उभा केला, वाकून काम करणाऱ्या मुलीसारखा. मी टाकीमागे.

मामा आला. कोटाशेजारी उभा राहिला. आणि बोलायला लागला!

"दमलीस का गं? बस जरा." मग म्हणतो, "तुला म्हणून सांगतो उचापत, सगळं नीट बघून घेत जा. रंग, बिंग. सकाळी काचेवर दव असतं ना, तेसुद्धा. माणसाला वाटतं, कुठे पळून जातंय."

कोट काय बोलणार! मामा म्हणाला, "रागावलीस होय? बरं, राहू दे." आणि गेला.

मी तोंडात बोळा कोंबून हसत होते, पण मधेच हसू थांबलं. कारण समजलं की हा माझ्याही वरचढ आहे. मी लपलेय हे त्याला माहीत होतं आणि एक पापणी न हलवता त्याने बांबूला उपदेश केला. असा पट्टीचा खेळाडू मला आजवर भेटलाच नव्हता. मान गये मामा.

१८ मार्च

मामाने किटलीची तापलेली कड धरली आणि धरूनच ठेवली. मी ओरडले तेव्हा सोडली. बोटांना फोड आलेत. म्हणतो, "लागलं नाही." दचकत नाही तर नाही, भाजतही नाही ह्याला! मामीने मलम लावलं. त्याची बोटं तिने जरा जास्तच वेळ हातात धरली.

२९ मार्च

भिंगवाल्या बाई परवा येणार, दोन्ही वाफ्यांतलं एकेक झाड उपटून मुळं बघणार. मामाला चैन नाही. सकाळपासून काचघराला फेऱ्या. शेवटी म्हणाला, "त्यांच्या आधी आपणच एक बघू. पांघरुणातलं उपट."

उपटलं. नळाखाली धुतलं. आणि काय सांगू, पांढरंशुभ्र मूळ! केसांचा झुपका जसा. खूप शोधल्यावर तीन बारक्या गाठी मिळाल्या, मोहरीएवढ्या. एवढ्यावरून जीव नाचायला लागला माझा. आणि जीव नाचला की मला खोडी सुचते, हा माझा रोगच आहे.

मी मयताला आल्यासारखा चेहरा केला. "मामा... गाठीच गाठी आहेत रे. माळच आहे नुसती."

मूळ त्याच्या हातात दिलं आणि वाट बघत उभी राहिले, की आता बघेल, आता हसेल, आता माझ्या टाळक्यात टपली मारेल.

त्याने मूळ फोड आलेल्या बोटांतून एकदा ओढलं. तोंड माझ्याकडेच होतं. म्हणाला, "हं." मग ते झाड वाफ्याच्या कडेला अगदी हळू ठेवलं, झोपलेलं पोर ठेवावं तसं. हात धुतले आणि घरात गेला.

टपली नाही, हसू नाही. म्हणजे हिशोब बाकी ठेवला. उद्या मला काहीतरी जबरदस्त उत्तर मिळणार. आज नीट झोपून घेते.

३० मार्च

हे लिहिलं नाही तर काहीच लिहू नये.

सकाळी उठले तर काचघरात खरखर ऐकू येत होती. मामा दाताळ्याने पांघरूण ओढून काढत होता. अर्धे वाफे उघडे. दारात भंगारवाला, हातात टेप, सांगाड्याची मापं घेत होता.

आणि मी हसले. देवाशप्पथ, मी हसले! मला वाटलं, हेच ते उत्तर. काय थाट, खोडीसाठी खरा भंगारवाला आणला! मीही सामील झाले. भंगारवाल्याला म्हटलं, "काका, नळ पण घ्या. मामाला पण घ्या, जुना आहे पण लोखंड चांगलंय."

मामा हसला नाही. म्हणाला, "तिला बोलू द्या. तुम्ही मापं घ्या."

मापं झाली. भंगारवाला म्हणाला, "मग ठरलं," आणि त्याने हात पुढे केला.

मामा त्याच्या समोरच उभा होता. तोंड त्याच्याकडे. आणि तो हात हवेत तसाच राहिला. मामाने तो धरला नाही, नाकारलाही नाही. भंगारवाल्याने माझ्याकडे बघितलं. हात अजून हवेतच.

मग मला सगळं एकदम दिसलं. साप. स्टूल. कोट. कोंबडीच्या पायांचं अक्षर. "कुठली माना टाकतात, सांग." मूळ हातात घेऊन माझ्याकडे वळवलेलं तोंड. तो माझ्याशी खेळत नव्हताच. एकदासुद्धा नाही. मी एवढे दिवस एकटीच खेळत होते.

"मामा!" माझा आवाज फाटला. "मी खोटं बोलले! गाठी नाहीत! तीनच आहेत, मोहरीएवढ्या! मी थट्टा केली!"

मामाने मान हलवली. "आता माझं मन राखायला म्हणतेस. काल खरं बोललीस, आज दया आली."

"नाही रे! काल खोटं, आज खरं!"

"मला कसं कळणार, कधीचं कुठलं?" रागाने नाही, साधंच विचारलं त्याने. आयुष्यभर लोकांना बनवत आले, त्याचा असा अर्थ होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. भंगारवाला म्हणाला, "त्या रोगांचं बघणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना विचारा की." मामा म्हणाला, "उद्यापर्यंत आस लावून बसायची ताकद नाही राहिली हो. आजच संपवू."

बोटांनी त्याला कळत नव्हतं, किटलीसुद्धा कळली नव्हती. तेव्हा मामीचे शर्ट आठवले.

मी कालचं झाड उचललं. पहिल्यापासून उघड्या ठेवलेल्या वाफ्यातलंही एक उपटलं. दोन्ही नळाखाली धुतली, माती जाईपर्यंत धुतली. मामाचा हात धरला आणि म्हटलं, "ओठाला लाव. मामीसारखं. माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस, ओठाला लाव."

आधी उघड्या वाफ्यातलं दिलं. त्याने मूळ खालच्या ओठावरून हळू ओढलं. ओठ अडखळला. परत अडखळला. परत. त्याचा चेहरा पडला.

"हे उघड्यातलं," मी म्हटलं. "आता हे पांघरुणातलं."

ओढलं. सरकत गेलं. दुसरं मूळ, सरकत गेलं. तिसऱ्याला थांबला.

"एक आहे," तो म्हणाला.

"तीन आहेत. शोध."

त्याने तिन्ही शोधल्या. मग ते अख्खं मूळ तोंडाशी धरून उभा राहिला, पाणी दाढीवरून गळत होतं. सगळं पाणी नळाचं नव्हतं.

मामी कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही, इस्त्रीचं गाठोडं काखेत. मामाला तिच्या पावलांचा आवाज कळला. घाईघाईने म्हणाला, "अगं, काही नाही, जरा मुळं बघत होतो..."

"बघत होता?" मामी म्हणाली. "अहो, चहा कपाच्या बाहेर ओतता तुम्ही. तो पुसतं कोण?"

मामा बारीक आवाजात म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. चपला मांडत."

मला कळेना कुठे बघावं. भंगारवाल्यालाही कळेना. तो बिचारा टेप गुंडाळत म्हणाला, "मग मी निघू का?"

"चहा घेऊन जा," मामी म्हणाली. "आणि कार्टे, तू इकडे ये."

मला वाटलं आता बसली थोबाडीत. तिने माझं डोकं धरलं आणि स्वतःच्या खांद्यात दाबलं, गाठोड्यासकट. मी खूप रडले. कुणाच्या तरी इस्त्री केलेल्या शर्टवर.

३१ मार्च

पांघरूण परत घातलं. मी घातलं, मामाने नव्हे. तो मागून येऊन हाताच्या पाठीने बुंधे तपासत होता, "इथे चिकटलंय, कामचोर."

बाई आल्या. भिंग लावून दोन्ही मुळं बघितली. काढलेल्या पांघरुणाचं सांगितलं, तर म्हणाल्या, एका दिवसाने काही बिघडत नाही. मग म्हणाल्या, "हे बघा, किडे संपलेले नाहीत. संपणारही नाहीत. पण आवरलेत. झाड तग धरेल, फळ देईल. मात्र दर हंगामाला पांघरूण घालावं लागेल, एकदा घालून सुटका नाही."

"चालेल," मामा म्हणाला. "संपलं पाहिजे असं कोण म्हणतंय?"

मग मी बाईंच्या देखत साखरेचंही सांगून टाकलं. मामीने डोळे वटारले. मामा म्हणाला, "तिला बोलू नकोस, मीच रोज कप पुढे करत होतो." तरी आजपासून साखरेच्या डब्याला कुलूप आहे.

७ एप्रिल

मामी मामाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. साखरेच्या आजारात डावा गेलाच आहे. उजव्यातलं जे उरलंय ते सुया टोचून आणि साखर आवरून राखता येईल म्हणे, दर काही महिन्यांनी जावं लागेल. मामी घरात शिरली ती चप्पल जागेवर ठेवतच म्हणाली, "एकदा करून सुटका नाही." मामा हसला. मी पहिल्यांदाच त्याचं खरं हसणं ऐकलं. कोंबडी खोकल्यासारखं आहे.

आईचा फोन आला, परत येतेस का विचारत होती. म्हटलं, पुढच्या हंगामाचा पाला कोण गोळा करणार?

१९ एप्रिल

आजचं पुढच्या पानांवरही लिहिलंय आणि मागच्याही.

संध्याकाळी पाल्याचं पोतं सोडलं, आत हात घातला, आणि हाताला काहीतरी गार, लांब, गुळगुळीत लागलं. ओढलं तर हिरवा! पिवळे डोळे! मी अशी किंचाळले की शेजारच्या घराची खिडकी उघडली. पोतं उलटं, मी टाकीला टेकून.

टाकीमागे मामा. डोळे मिटून, पोट धरून, कोंबडी खोकत होती. दारात मामी, पदराने तोंड झाकलेलं. साप तिनेच त्या दिवशी उचलून ठेवला होता. इतके दिवस इस्त्रीच्या कपाटात!

"काय झालं गं?" मामा निरागस आवाजात म्हणाला. "मला तर काही दिसलं नाही."

मग तो चाचपत बाकावर बसला आणि म्हणाला, "वही आण. पुढून उघड. लिही, आज पांघरूण ओलं आहे. फळं धरली आहेत. दुपारी कुणी मान टाकली नाही."

मी लिहिलं.

"लिहिलंस? आता लिही, उचापत दचकली."

तेही लिहिलं. मग त्याने, वाचून दाखव म्हटलं, आणि मी जसंच्या तसं वाचून दाखवलं.